वीस टक्के गैरहजर

एका कंपनीत रोज वीस टक्के लोक कामावर येत नाहीत. म्हणजे शंभरातले वीस. मॅनेजर तुम्ही आहात. काय कराल?

हा प्रश्न मी मागे एकदा जेवणाच्या टेबलावर टाकला होता. आमच्याकडे तेव्हा 'आठवड्यातून इतके दिवस ऑफिसला या' छापाच्या मेल नुकत्याच सुरू झाल्या होत्या, त्यामुळे विषय गरम होता. उत्तरं भराभर आली. स्वाइपचा रिपोर्ट दर सोमवारी मॅनेजरला पाठवा. पगार कापा. अप्रेझलला जोडा. एकानं (हा आमचा गणिती माणूस) सांगितलं, सोपं आहे, पंचवीस टक्के माणसं जास्त घ्या. शंभरच्या जागी सव्वाशे घेतले की त्यातले वीस टक्के गेले तरी शंभर उरतात. गणित बरोबर आहे हे मान्य करायलाच हवं :)

मग मी सांगितलं की कंपनी आयटीतली नाही आणि गोष्ट जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीची आहे. कंपनीचं नाव सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग. लोक तिला ओळखतात ते एम्प्रेस मिल म्हणून. नागपूरची.

आता मला या मिलमध्ये एवढा रस का, तर माझं गाव कळंब. (धाराशिवचं नव्हे. यवतमाळचं, चिंतामणीचं. हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं.) आमच्याकडे घरात कोणी इंजिनियर होवो, मास्तर होवो की तलाठी, नात्यातल्या निम्म्या लोकांचं वर्ष कापसावर चालतं. दिवाळी चांगली गेली की नाही हे भाव ठरवतो. लहानपणापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसलेली होती, की कापूस आपल्याकडे पिकतो आणि कापड 'बाहेरून' येतं. ते तसं का, असा प्रश्न कोणी विचारत नसे. पाऊस वरून पडतो तसं ते होतं. हाच प्रश्न १८७० च्या दशकात एका पारशी माणसाला पडला, आणि त्याची गोष्ट मला आमच्या सगळ्या मॅनेजमेंट ट्रेनिंगपेक्षा जास्त उपयोगाची वाटते. शेवटी शेवटी त्या गोष्टीत एक भोकही आहे. त्याकडे येईनच.

जमशेटजी टाटांचा जन्म १८३९ चा, नवसारीचा. १८६९ मध्ये त्यांनी मुंबईला चिंचपोकळीत एक बुडालेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकून टाकली. मग लँकेशायरला जाऊन तिथला धंदा बघून आले. आता मोठी गिरणी काढायची. तेव्हा गिरणी म्हटलं की मुंबई. भांडवल तिथे, बंदर तिथे, दमट हवा तिथे (कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून दमट हवेला फार महत्त्व). त्यामुळे त्या काळी कोणाही गिरणीमालकापुढचा प्रश्न असा होता: मुंबईत जागा कुठे मिळेल?

जमशेटजींनी प्रश्न बदलला. कापूस कुठे आहे, कोळसा कुठे आहे, कापड घेणारी माणसं कुठे आहेत? कापूस वऱ्हाडात आणि वर्ध्याच्या खोऱ्यात. कोळसा वरोऱ्याला निघू लागलेला. आणि १८६७ पासून रेल्वे थेट नागपूरपर्यंत आलेली. आमच्या भागातला कापूस बैलगाड्यांतून धामणगावच्या स्टेशनवर जायचा, तिथून आठशे-सातशे किलोमीटर मुंबईला, आणि त्याचंच कापड होऊन तेवढ्याच लांबून परत. दोन्ही बाजूंचं भाडं शेवटी गिऱ्हाईकाच्या धोतरात. तेव्हा गिरणीच इकडे आणली तर?

लोकांनी वेड्यात काढलं. नागपूरला जुम्मा तलावाजवळ पाणथळ जागा घेतली आणि आधी ती मातीनं भरून काढायला लागली. एका स्थानिक सावकाराकडे भांडवलासाठी विचारणा केली, तर तो म्हणाला की हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, आपल्याला नको. (पुढे मिल चालल्यावर त्यानंच कबूल केलं म्हणे, की टाटांनी माती टाकून सोनं काढलं.) १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली. आणि १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही दिल्लीत फिरली त्याच दिवशी, मिल सुरू झाली. नाव त्यावरूनच.

सुरुवात काही फार थाटाची नव्हती. यंत्रं स्वस्तातली घेतलेली, त्यांनी दगा दिला आणि ती पुढे बदलावी लागली. मॅनेजर म्हणून नेमलेले बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, कापडातलं त्यांना काही कळत नव्हतं. तांत्रिक बाजूला जेम्स ब्रुक्सबी नावाचा लँकेशायरचा माणूस. आजच्या भाषेत प्रोजेक्ट मॅनेजर नॉन-टेक्निकल आणि आर्किटेक्ट ऑनसाईटवाला. आश्चर्य म्हणजे ही जोडी जमली. हवा कोरडी, मग ह्युमिडिफायर बसवले. आगीची भीती, मग स्प्रिंकलर. लँकेशायर ज्याकडे अजून नाक मुरडत होतं ते रिंग स्पिंडल इथे आधी दोन फ्रेमवर चालवून पाहिले आणि मग सगळीकडे लावले. ही सगळी यंत्रांची कहाणी सुरस आहे, पण आज ती बाजूला ठेवतो.

कारण यंत्रं सुधारली तरी माणसं येईनात. टाटांच्या चरित्रांमध्ये आकडा दिलेला असतो: रोज साधारण वीस टक्के गैरहजर. आणि त्याला जोडून बहुतेक वेळा एक वाक्य येतं, की इकडची माणसं सुस्त, पोटापुरतं मिळालं की खूष.

हे वाक्य वाचलं की मला राग येतो, आणि मी वैदर्भीय आहे हे त्याचं एकमेव कारण नाही. त्या माणसाकडे बघा ना. गावाकडे तीन-चार एकर कोरडवाहू, स्वतःची नाही तर भावाची. मृगाला पेरणी, आषाढ-श्रावणात निंदण आणि डवरणी, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचणी. शिवाय लग्नं, मयत, पोळा. मिलचं काम दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. आणि आठवड्याची सुट्टी? नाही. पुन्हा वाचा: नाही. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुलांपुरता होता, मोठ्या माणसाच्या तासांवर त्यात काहीच बंधन नव्हतं. गिरणीतल्या मोठ्या पुरुषासाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्यानं. तेव्हा वीस टक्के गैरहजेरी म्हणजे काय होतं? माझं गणित असं: दर पाच दिवसांत एक दिवस. जी सुट्टी कंपनीनं दिली नव्हती ती लोकांनी स्वतःच घेतली होती, जरा जास्तच घेतली होती एवढंच.

त्या काळचं नेहमीचं उत्तर दंड. जमशेटजींनी इथेही प्रश्न बदलला, निदान अर्धा बदलला. 'न येणाऱ्याला काय शिक्षा करू?' ऐवजी 'यानं उद्या, पुढच्या वर्षी, म्हातारपणापर्यंत इथे यावं असं त्याला कशानं वाटेल?' गावाकडचा शेताचा तुकडा हे त्या माणसाचं म्हातारपणाचं पेन्शन होतं, आजारपणाचा विमा होता. मिल फक्त मजुरी देत होती. मग तो शेत कशाला सोडेल? तेव्हा शेत जे देतं ते मिलनं द्यायला सुरुवात केली. प्रॉव्हिडंट फंड. १८८६ मध्ये पेन्शन फंड. १८९५ पासून अपघाताची भरपाई. नियमित येणाऱ्यांना बक्षिसं, आणि बक्षीस समारंभाला बायकापोरांसकट सगळे. आमच्याकडच्या 'फॅमिली डे'चा हा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही. (फक्त टी-शर्ट नव्हते.)

तारखा जरा शेजारी ठेवून बघा. अपघातभरपाईचा कायदा हिंदुस्थानात झाला १९२३ ला. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ ला. म्हणजे सरकारला जे कळायला अठ्ठावीस आणि साठाहून अधिक वर्षं लागली ते नागपूरच्या एका मिलनं हजेरीपटाचा प्रश्न सोडवता सोडवता केलं. तुमच्या सॅलरी स्लिपवर दर महिन्याला 'पीएफ' म्हणून जी ओळ कापली जाते, तिच्या मागे कुठेतरी हा हजेरीपट आहे.

इथपर्यंतची गोष्ट मॅनेजमेंटच्या पुस्तकांत शोभेल अशी आहे. स्लाइडवर टाकावी, खाली 'प्रश्न बदला' लिहावं आणि चहाला सुटावं.

पण त्याच मिलची दुसरी एक नोंद आहे, ती मॅनेजमेंटच्या नाही तर कामगार चळवळीच्या पुस्तकांत सापडते. १८७७ सालीच, म्हणजे मिल सुरू झाली त्याच वर्षी, एम्प्रेस मिलच्या विणकरांनी मजुरीच्या दरांवरून काम बंद पाडलं. हिंदुस्थानातल्या गिरण्यांचे जे अगदी सुरुवातीचे संप नोंदले गेलेत त्यात याचं नाव येतं. म्हणजे एका प्रकारच्या पुस्तकात मिलच्या पहिल्या वर्षांचा प्रश्न 'लोक येत नाहीत' असा आहे, आणि दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकात 'दर परवडत नाही' असा. मिल तीच. मला मोठी गंमत वाटते ती याची की दोन्ही पुस्तकं सहसा एकमेकांचा उल्लेखच करत नाहीत. एका सिस्टिमचे दोन लॉग, दोन वेगळ्या टीमकडे.

मी वर भोक म्हटलं ते हेच. प्रश्न नव्यानं मांडायचा असेल तर तो मांडणारा कोण आहे, यावर फार काही ठरतं. जमशेटजी त्या काळाच्या मानानं विलक्षण उदार मालक होते यात मला शंका नाही. पण ते मालकाच्या खुर्चीतून बघत होते. तिथून पेन्शन दिसतं, बक्षीस दिसतं, अगदी अपघातही दिसतो. आठवड्याची सुट्टी मात्र दिसायला अवघड जाते, कारण सुट्टीच्या दिवशी चात्या थांबतात.

सुट्टी दिसली ती मुंबईत, आणि ती दिसणारा माणूस गिरणीत नोकरी केलेला होता. नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, काही काळ मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर. पुढे 'दीनबंधु' चालवू लागले. (हा 'दीनबंधु' पुण्यात कृष्णराव भालेकरांनी काढला तो १ जानेवारी १८७७ ला! एम्प्रेस मिलचा भोंगा वाजला तोच दिवस. आणि त्याच दिवशीच्या दिल्ली दरबाराला सार्वजनिक काका हातानं कातलेल्या खादीचे कपडे घालून गेले होते. एका तारखेत तीन धागे असे सापडले की माझी शनिवारची दुपार सार्थकी लागते.)

१८८४ मध्ये लोखंड्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या बघा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात, कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार. यात पगारवाढ नाहीये. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटेना. मालकांनी कामगारांचा प्रश्न गृहीत धरला होता तो पैशाचा आणि आळसाचा. कामगारांनी स्वतः लिहून दिला तेव्हा तो निघाला वेळेचा. पगार पंधरा तारखेपर्यंत द्या, याचा अर्थ तोपर्यंत सावकार, आणि सावकाराचं व्याज म्हणजेच कमी झालेला पगार. हा माणूस जर आज आमच्या प्रोजेक्टवर असता तर रिक्वायरमेंट त्यालाच लिहायला दिल्या असत्या.

सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या. आणि १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण शुक्रवारी संध्याकाळी जे 'हॅपी वीकेंड' पाठवतो त्यातला रविवार हा असा आलेला आहे. शनिवार बऱ्याच नंतरचा.

अजून एक छोटी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती कळंबहून तासा-दीड तासाच्या अंतरावर घडली. वर्ध्याजवळ नालवाडीला १९३५ मध्ये विनोबा भावे सूत कातायला बसले. ते तसे आधीपासून कातत होतेच. या वेळी त्यांनी असं ठरवलं की चरखा संघ खेड्यातल्या कातणाऱ्या बाईला जी मजुरी देतो, तेवढ्यावरच आपण जगून बघायचं. तोपर्यंत खादीवाल्यांचा प्रश्न होता 'खादी स्वस्त कशी करायची?', आणि स्वस्त करायची तर कातणारीला कमीच द्यावं लागतं. दिवसभर कातूनही त्या पैशात माणसाचं पोट भरत नाही हे चात्यावर बसल्यावर कळलं. गांधीजी तेव्हा याच विषयावर 'हरिजन'मध्ये लिहीत होते. ऑक्टोबर १९३५ मध्ये चरखा संघानं ठराव केला की आठ तासांच्या चांगल्या कामाला निदान इतकी मजुरी मिळाली पाहिजे की शास्त्रीय मापानं ठरवलेलं किमान अन्न आणि वर्षाचं वीस वार कापड यांचा खर्च निघेल. खादी महागणार हे माहीत असून केलेला ठराव. हा ठराव मला एखाद्या इंजिनियरनं लिहिल्यासारखा वाटतो: बाजारभाव काय आहे हे न विचारता, माणसाला चालू राहायला लागतं किती, तिथून उलटं मोजत यायचं.

असो. एम्प्रेस मिलचं पुढे काय झालं ते बहुतेकांना ठाऊक आहे. १९८६ मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल आहे, नावात अजून 'एम्प्रेस' आहे. मी तिथे सिनेमा पाहिलेला आहे. कापूस अजूनही आमच्याकडे पिकतो आणि कापड अजूनही बाहेरून येतं. फरक एवढाच की २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा ते कळंब रेल्वे सुरू झाली. नागपूरला गाडी आली १८६७ ला, आमच्याकडे त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी.

मागच्या दिवाळीत गावी होतो तर काकांकडे हाच विषय. वेचणीला बाया मिळत नाहीत. 'लोकं आळशी झाले, फुकटचं धान्य मिळते ना आता,' असं काकांचं निदान. उपाय म्हणून किलोमागे दर वाढवून पाहिला होता, चार दिवस बरं चाललं आणि मग पुन्हा तेच. मी काही बोललो नाही, पुतण्यानं पुण्याहून येऊन शेती शिकवू नये एवढी अक्कल मला आहे. पण संध्याकाळी टोळीची प्रमुख असलेली एक मावशी ओसरीवर आली होती, तिला सहज विचारलं की मावशी, बाया कावून येत नाही?

'दर त पायजेच ना भाऊ,' ती म्हणाली. 'पन पोरं शाळेतून घरी येते, तवा घरी कोनी नसते. तुमची गाडी आमाले सोडते दिवस बुडाल्यावर. गाडी लवकर सोडा म्हनून म्या दोनदा सांगतलं, कोनी आयकलं नाही.'

काकांनी ते ऐकलं, थोडा वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, सकाळी दव असते, ओला कापूस वेचला तर जिनिंगवाला भाव पाडते, म्हणून उशिरा सुरू करावं लागते, मग लवकर कसं सोडू? हेही खरंच होतं. त्यावर त्या दोघांची अर्धा तास चर्चा झाली, ज्यात मला काही काम नव्हतं. शेवटी ठरलं ते असं, की वरच्या बरड शेतात दव लवकर उठतं, तर सकाळी आधी तिथे, मग खालच्या काळ्या रानात, आणि गाडी साडेतीनला गावात. दर तोच. मी पुण्याला परतलो त्यानंतर काकांचा फोन आला की पहिल्या आठवड्यात नऊ जणी आल्या, दुसऱ्यात चौदा. तिसऱ्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला, उरलेली बोंडं झाडावरच भिजली, आणि वेचणी पुढच्या वाळवणीपर्यंत थांबली.